भिंतीची ओल आणि छातीतली घरघर

(रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

 

मे निम्मा झाला. आपल्या गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यात आता शाकारणीची घाई असेल. कौलं परतायची, फुटकी बदलायची, जळण माळ्यावर टाकायचं, शेण्या झाकायच्या, पापड-सांडगे डब्यात भरायचे. या सगळ्या यादीत एक काम आपण कधी धरत नाही. ते आज धरूया म्हणून हा विषय घेतलाय. विषय आहे बुरशी. लोणच्यावरची नाही, भिंतीवरची.

आता कुणी म्हणेल, बाई, पावसात भिंत काळी पडणारच, त्यात सांगायचं काय? मी बचत गटांचं काम बघते. महिन्याला गटांच्या वह्या माझ्यासमोर येतात. जूनमध्ये अंतर्गत कर्ज कशासाठी उचललं, तर बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं. आषाढ-श्रावण आला की त्याच रकान्यात एक शब्द सारखा दिसायला लागतो, ‘दवापाणी’. विचारलं की उत्तरं ठरलेली. पोराला कफ झालाय, रात्रभर खोकतंय. सासूबाईंची धाप वाढलीय. माझ्याच नाकातून पाणी थांबत नाही, डोकं जड. प्रत्येक खोकल्याचं कारण बुरशी असतं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ज्या घरातून ही वाक्यं येतात त्या घरात गेलं की दारातच तो कुबट वास येतो, आणि पलंगामागची भिंत बघितली की काळे-हिरवे ठिपके दिसतात, हे इतक्यांदा झालंय की त्याबद्दल न बोलणं बरं नव्हे.

आधी बुरशी म्हणजे काय ते समजून घेऊ. भाकरीवर येतो तो बुरा, चामड्याच्या चपलेवर चढतो तो पांढरट थर, भिंतीवरचे काळे डाग, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बुरशी ना झाड, ना प्राणी, ना जंतू. तिचं स्वतःचं वेगळं घराणं आहे. ती बियांसारखे अगदी बारीक कण हवेत सोडते, त्यांना बीजाणू म्हणतात. इतके बारीक, की आपल्या एका केसाच्या जाडीत दहा-वीस सहज बसतील. हे बीजाणू सगळीकडं असतात. शेतात, अंगणात, आत्ता तुमच्या खोलीत. त्यांना हाकलून लावता येत नाही. पण रुजायला त्यांना ओल लागते. खायला काहीही चालतं. लाकूड, कागद, कापूस, चामडं, रंगाचा पापुद्रा, भिंतीवर बसलेली धूळ. म्हणजे खाणं आपण घरातून काढून टाकू शकत नाही. काढायची असेल तर ओलच काढावी लागते. एखादी वस्तू भिजली आणि एक-दोन दिवसांत खडखडीत वाळली, तर बुरशीला सहसा पाय रोवता येत नाही. त्यापुढं ओली राहिली की ती धरते.

आणि आपल्याकडं ओल किती! गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडं आटपाडी-माणकडच्या बाया पावसाची वाट बघतात आणि इकडं तरणा-म्हातारा पाऊस सुरू झाला की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. हवा इतकी दमट की मीठ पाझरतं, काडीपेटी पेटत नाही.

आता छातीशी याचा संबंध काय? बीजाणू श्वासाबरोबर नाकात, घशात, पुढं छातीत जातात. बऱ्याच जणांना काही होत नाही. शरीर ते कफाबरोबर बाहेर टाकतं. पण काहींच्या शरीराला हा कण शत्रू वाटतो. मग शरीर त्याच्याशी भांडायला उठतं, आणि त्या भांडणात सटासट शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची खाज, घशात खवखव सुरू होते. यालाच आपण ॲलर्जी म्हणतो. तापाची सर्दी आठवड्याभरात जाते. ॲलर्जीची सर्दी त्या घरात, त्या खोलीत असेपर्यंत जात नाही. माहेरी चार दिवस गेल्यावर बरं वाटतं आणि परत आल्यावर पुन्हा सुरू, असं ज्यांचं होतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. (सासरची ॲलर्जी म्हणून त्यावर विनोद बरेच होतात. भिंत मात्र कुणी बघत नाही.)

दम्यात हेच भांडण खाली श्वासनळ्यांत होतं. नळ्या आतून सुजतात, त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात, आणि आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते, म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. तीच घरघर. रात्री आणि पहाटे हे जास्त होतं. दम्याचा कल घराण्यातून येऊ शकतो. आईला असेल तर लेकराला होण्याची शक्यता जास्त. पण तो कधी उसळेल हे आजूबाजूवर ठरतं. चुलीचा धूर, विडी-सिगरेटचा धूर, गादीतल्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, झुरळं, थंड हवा, साधी सर्दी, आणि ही बुरशी. एकाला एक गोष्ट सोसत नाही, दुसऱ्याला दुसरी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर एक वेगळं मार्गदर्शक पुस्तकच काढलं. जगभरचे अभ्यास तपासून त्यांनी सांगितलं, की ओलसर, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वासाचे त्रास आणि छातीचे संसर्ग जास्त होतात, आणि दमा असेल तर तो बळावतो. इतकी बुरशी चालेल, त्यापुढं चालणार नाही, असा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. ओल राहू देऊ नका आणि बुरशी दिसली तर काढा, एवढंच सांगितलं. मला ते पटतं. आपल्याला काही यंत्र लावून मोजायचं नाही. नाक आणि डोळे पुरतात.

हे गरीब देशांतच होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गावात आवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर २०२० मध्ये गेलं. भाड्याच्या घरात न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बुरशीनं भरलेलं होतं. वडील तक्रार करत होते. त्यांना वरून रंग मारा असं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये चौकशी होऊन मृत्यूचं कारण जाहीर झालं. दीर्घकाळ बुरशीच्या संपर्कात राहिल्यानं श्वासाचा गंभीर आजार. पुढं २०२३ मध्ये तिथं कायदा झाला, सरकारी मदतीच्या भाड्याच्या घरांत अशी तक्रार आली तर ठराविक मुदतीत घरमालकानं लक्ष घातलंच पाहिजे असा, आणि त्या कायद्याला त्या लेकराचं नाव आहे. वरून रंग मारा, हा सल्ला आपल्याकडं पण रोज मिळतो, म्हणून ही गोष्ट सांगितली.

आणखी एक घोटाळा दूर करते. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला. डोळे, जबडे काढावे लागले, माणसं गेली. तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की काही बाया घाबरतात. तो आजार वेगळा. म्युकरमायकोसिस त्याचं नाव. तो वेगळ्या जातीच्या बुरशीनं होतो आणि मुख्यतः साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला होतो. तुमच्या भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. पण म्हणून डाग निरुपद्रवी आहे असंही नव्हे. घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका.

भिंतीवर पांढरं काही दिसलं तर ते नेहमी बुरशीच असतं असं नाही. जुन्या भिंतीला खार फुटतो, पोपडे निघतात. चिमूटभर खरवडून पाण्याच्या थेंबात टाका. विरघळलं तर खार. तसंच राहिलं, बोटाला मऊ लागलं आणि कुबट वास आला तर बुरशी. खारानं दमा होत नाही, पण भिंतीत पाणी चढतंय हे तो सांगतो, म्हणजे बुरशी मागून येतच असते.

आता खरा प्रश्न. पाणी येतं कुठून? इथं जरा थांबते, कारण इथंच बहुतेकांचे पैसे वाया जातात. भिंत काळी पडली की दिवाळीला डिस्टेंपर मारायचा, पुढच्या श्रावणात डाग पुन्हा वर. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय कुठलाही रंग टिकत नाही.

पाणी तीन वाटांनी येतं. वरून, म्हणजे फुटक्या कौलातून, पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून, स्लॅबच्या चिरेतून. खालून, म्हणजे जमिनीतलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं भिंतीत चढतं. आपला जांभा दगड तर सच्छिद्र, तो पाणी पितोच. आणि तिसरी वाट आपल्या लक्षात येत नाही, ती म्हणजे आतून. भाताची वाफ, न्हाणीची वाफ, माणसांचा श्वास, आणि पावसाळ्यात खोलीभर दोरीवर टाकलेले ओले कपडे. लुगड्यातलं पाणी वाळतं म्हणजे जातं कुठं? हवेत. आणि ती हवा रात्री गार भिंतीला किंवा पत्र्याला लागली की तिथं दव धरतं.

तुमच्याकडं कुठली वाट आहे हे कळायला एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकच्या पिशवीचा वीतभर तुकडा कापा. भिंतीचा तेवढा भाग फडक्यानं कोरडा करून तो तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल खोलीतल्या वाफेची आहे. पहिल्यासाठी गवंडी लागतो. दुसऱ्यासाठी खिडकी आणि आपल्या सवयी.

वरच्या वाटेबद्दल तुम्हाला मी काय सांगू, शाकारणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. एवढंच, की पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडून उडतं ते बघा. तिथं पन्हाळ लावली, किंवा निदान पाणी पडतं तिथं चर काढून ते घरापासून लांब नेलं, तरी खालची ओल बरीच कमी होते. घराभोवतीची जमीन भिंतीकडं उतरती असेल तर दोन दिवसांच्या मुरुमाच्या भरावात ती उलटी करता येते. यात खर्चापेक्षा अंगमेहनत जास्त आहे. आमच्याकडच्या एका गटानं गेल्या वर्षी ठराव केला, की मे महिन्यात घरदुरुस्तीला कर्ज मागणारीचा नंबर आधी लावायचा. कौलं, पन्हाळ, चर, एवढ्यासाठीच. श्रावणात दवाखान्याला कर्ज देण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. तुमच्या बैठकीत हा विषय घ्यायला हरकत नाही.

घरकुल मंजूर झालेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. जोतं बांधून झालं आणि वर भिंत उचलायची असते, त्या दिवशी कामावर उभ्या राहा. जोत्यावर पाणी न चढू देणारा थर घालायचा असतो. भिंत झाल्यावर तो घालता येत नाही. गवंड्याला विचारा, ‘ओल अडवायचा थर घातला का?’ तो हसेल, म्हणेल वहिनींना काय कळतंय. हसू दे. घर तुमच्या नावावर आहे. आणि दोन खोल्यांना समोरासमोर खिडक्या ठेवा. एकाच भिंतीत खिडकी असली की हवा आत येते पण बाहेर जात नाही.

जुनी मातीची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा करण्याची हौस आवरा. माती पाणी पिते आणि सोडते. सिमेंट तिचं तोंड बंद करतं, आत पाणी साठतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे गळतात. मातीला मातीचाच गिलावा आणि वर चुना. आपल्या आज्या दिवाळीला घराला चुना काढायच्या तो नुसता शोभेसाठी नव्हता. चुन्याच्या तिखटपणात बुरशी सहजी धरत नाही, आणि चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. तेलकट चकाकणाऱ्या रंगापेक्षा तो स्वस्त आहे हे आणखी वर.

जुनी माणसं एक म्हणतात, की पूर्वी घरात एवढी बुरशी नव्हती. त्यात तथ्य आहे. चुलीचा धूर कौलांतून वर जायचा, वासे-पाटे कायम कोरडे राहायचे, कौलांच्या फटीतून हवा खेळायची. आता गॅस आला, वर सिलिंग आलं, खिडक्यांना काचा आल्या. घर बंद झालं. मग पुन्हा चूल पेटवायची का? मुळीच नाही. त्या धुरानं बाईच्या छातीचं जे होतं ते बुरशीपेक्षा वाईट. चुलीबरोबर हवेची वाटसुद्धा आपण बंद केली, ती तेवढी परत उघडायची. स्वयंपाक करताना खिडकी उघडी, भातावर झाकण, न्हाणीचं दार बंद आणि तिचा झरोका उघडा. पावसाची झड थांबली की तासभर सगळी दारं-खिडक्या सताड उघड्या. ओले कपडे पडवीत, गोठ्याच्या ओसरीला, कुठंही, पण झोपायच्या खोलीत नको. कपाट, ट्रंक, पलंग भिंतीपासून वीतभर पुढं ओढा. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये वारा गेला नाही की पहिली बुरशी तिथंच धरते. पिकलेल्या ऊन-पावसाच्या दिवसात, श्रावणात ऊन पडलं की आधी गोधड्या-उशा बाहेर. बाकीची कामं थांबतील.

लागलेली बुरशी काढायची कशी? कोरड्या केरसुणीनं झाडू नका. झाडलं की लाखो बीजाणू हवेत उडतात आणि तेच नाकात जातात. नाका-तोंडाला मास्क किंवा दुहेरी पदर घट्ट बांधा, हातात प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजे घाला, खिडकी उघडा, पोरांना आणि दम्याच्या माणसाला त्या दिवशी घराबाहेर ठेवा. दम्याच्या बाईनं हे काम स्वतः करू नये. घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, आणि दुसरं कुणी म्हणजे पुरुषही असू शकतो. कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून भिंत ओली करा, ब्रशनं घासा, फडक्यानं पुसा, आणि मग भिंत वाळवा. वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं. ब्लीच वापरायचं असेल तर एकटंच वापरा. त्यात संडास धुण्याचं ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की विषारी वायू निघतो, धडधाकट माणसाचा श्वास कोंडतो. दाराएवढ्या भागापेक्षा जास्त भिंत भरली असेल तर नुसतं घासून भागणार नाही, पाण्याची वाट शोधावीच लागेल.

पूर आलेल्या गावांचं दुखणं याहून मोठं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा शिरोळ, करवीर, तिकडं वाळवा, पलूस, मिरज भागात घरात पाणी राहिलं. पाणी ओसरतं, गाळ काढला जातो, पंचनामा होतो, मदत येते. पण भिंत आतून महिनोन् महिने ओली असते. अशा वेळी लगेच रंग आणि गिलावा करू नका, भिंतीला वाळायला वेळ द्या. आणि पुरात भिजलेल्या कापसाच्या गाद्या! फेकून द्यायला जीव होत नाही हे मला कळतं. कापूस पुन्हा पिंजून भरून घेतात. पण आतपर्यंत बुरशी गेलेला कापूस पिंजला की सगळं हवेत, आणि पुन्हा भरला की लेकरू रात्रभर त्याच्यावर तोंड ठेवून झोपणार. एवढ्या एका वस्तूचा मोह सोडा. सुती गोधड्या, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्या तर वापरता येतात.

गोठ्याचंही थोडं सांगते. ओलं होऊन तापलेलं, बुरसटलेलं गवत, पिंजर किंवा चिपाड उपसताना पांढरी धूळ उडते. ती छातीत गेली की चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, धाप. आपण म्हणतो पावसात भिजल्यानं ताप आला. पुन्हा पुन्हा असं होत राहिलं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. गवत उपसताना नाकाला बांधा. आणि बुरशी आलेले शेंगदाणे, मका धुऊन-भाजून वापरू नका. काही बुरशींचं विष शिजवूनही जात नाही. जनावरालाही घालू नका.

आता जरा नाजूक विषय. बाळंतिणीची खोली. घरातली सगळ्यात आतली, अंधारी, वारा न लागणारी खोली आपण तिला देतो. खिडकीला पोतं लावतो. आत शेगडी, ओवा-शेपांची धुरी, दोरीवर बाळाची ओली लंगोटं. हेतू चांगलाच असतो, बाळंतिणीला वारा लागू नये. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या श्वासनळ्या काडीएवढ्या, आणि त्याला आपण धूर, वाफ आणि कुबट भिंत यांच्यामध्ये ठेवतो. बाळंतीण उबदार राहू दे, डोक्याला बांधू दे, पण खोली कोरडी आणि उजेडाची हवी. धूर नको. कुबट वासाला उदबत्ती, धूप, कापूर हाही उपाय नव्हे. वास झाकतो, बुरशी तिथंच राहते, आणि दम्याच्या माणसाला धुराचा त्रास वेगळा.

घराचं झालं, आता माणसाचं. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालला असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या, क्षयरोग नाही ना ते बघितलं जाईल, ती तपासणी फुकट होते. डॉक्टरांकडं जाताना नुसतं ‘कफ झालाय’ म्हणू नका. रात्री वाढतो का, श्वास सोडताना आवाज येतो का, कुठल्या खोलीत वाढतो, दुसऱ्या गावी गेल्यावर कमी होतो का, घरात आणखी कुणाला आहे का, आणि भिंतीला बुरशी आहे, हे आपणहून सांगा. डॉक्टरांना तुमची भिंत दिसत नसते.

दमा निघाला तर पंप देतील. इथं आपल्या बाया अडतात. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’. दोन्ही खोटं. हिशोब ऐका. दम्याच्या साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. तेच औषध पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे गोळीच्या वीस ते चाळीस पट कमी. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून छातीत पोचते. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडं पुरतं. पंप दोन प्रकारचे असतात. एक धाप लागल्यावर आराम देणारा, दुसरा रोज घ्यायचा, सूज कमी ठेवणारा. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनानं बंद करायचा नाही, आणि तो घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. तीसुद्धा एक बुरशीच, बघा. लहान मुलांना पंपाला जोडायची नळी, स्पेसर, लागते. ती मागून घ्या, कशी धरायची ते करून दाखवायला सांगा. आणि ‘दमा मुळापासून घालवतो’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. चार दिवस छान वाटतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

मुलीच्या आईंना एक वेगळं बोलायचंय. स्थळं बघायला लागलं की मुलीचा पंप लपवला जातो. काही घरांत तर डॉक्टरांनी दिलेला पंपच बंद करतात, कुणी बघितलं तर लग्न मोडेल म्हणून. मग ती मुलगी सासरी जाते, नवीन घर, मागच्या अंगाची ओली खोली, पहाटेची चूल, आणि जवळ औषध नाही. धाप लागली तरी ती सांगत नाही, कारण सांगू नको असं आईनंच बजावलेलं. हे धोक्याचं आहे. दमा ताब्यात ठेवता येतो, दम्याच्या बाया शेती करतात, बाळंत होतात, डोंगर चढतात. पण औषधाविना लपवलेला दमा जीव घेऊ शकतो. सांगून द्या, आणि सासवांनो, कुणी सांगितलं तर ऐकून घ्या. तुमच्यातल्या कितीजणींना रात्री धाप लागते हे मला ठाऊक आहे.

शेवटी हे पाठच करून ठेवा. माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागतो. लेकराच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडतो, ते दूध पीत नाही. ओठ, नखं निळसर दिसतात. पंप घेऊनही आराम पडत नाही. यातलं एकही दिसलं तर उजाडायची वाट बघायची नाही, काढा उकळत बसायचं नाही. माणसाला आडवं न झोपवता बसतं ठेवा, कपडे सैल करा, आराम देणारा पंप देत राहा आणि १०८ ला फोन लावा. वाडी लांब असेल, ओढ्याला पाणी असेल, तर गाडी कुठपर्यंत येते आणि पुढं माणसाला कुणाच्या गाडीतून आणायचं, हे आत्ता मे महिन्यातच वाडीत ठरवून ठेवा. आशाताईंचा नंबर दाराच्या मागं खडूनं लिहा, मोबाईलची बॅटरी पावसात नेमकी तेव्हाच संपते.

प्लास्टिकच्या तुकड्याची युक्ती ज्या करून बघतील त्यांनी कुठल्या बाजूला पाणी आलं ते केंद्रावर फोन करून कळवा. पुढच्या वेळी एका गवंडीकाकांना बोलावणार आहे, तेव्हा तुमचे प्रश्न त्यांनाच विचारू.